कावडीची प्रॅक्टिस

१० जानेवारी १९७३
आजपासून लिहायचं. शेजारच्या फिलोमिनाबाई मास्तरणीचा भाऊ प्रभुदास भिंगारला मिलिटरीत आहे, लांबच्या रेस पळतो. तो म्हणाला, प्रॅक्टिस केली की मांडत जा. माझी शाळा दुसरीपर्यंत. तरी मांडते. कोणी वाचायला मागितलं तर चुलीत.

पाडव्याला कोल्हारहून प्रवरेचं पाणी नाथाच्या डोंगरावर न्यायचं. बारा कोस, अनवाणी, निम्मी वाट डोंगराची. गावच्या बाकी कावडी नवसाच्या, आमची मानाची. ती जमिनीला टेकवायची नाही. ज्याच्या खांद्यावर ती देवळाच्या दारात पोचेल, त्याच्या घरात वर्षभर राहते. मालक होते तोवर आमच्या खुंटीवरून हलली नाही. दिवाळीत मालक गेले. आता दीर सहादेव म्हणतो, बाईमाणसाचं काम नाही, आमच्याकडं द्या. पंचांत आबासाहेबांना विचारलं, बाई नको असं नाथ तुमच्या कानात सांगून गेला का? मीच पळणार.

१२ जानेवारी, पहाटे
पळाले. खाणीपर्यंत. दम लागला नाही. बसले ते आभाळ बघायला.

१४ जानेवारी
संक्रांत. सणाचं पळू नये.

१९ जानेवारी
प्रभुदास आला होता. म्हणाला, घागरी भरून पळा. म्हटलं, गावाला प्यायला पाणी नाही आणि मी डोंगरात सांडत हिंडू? पाणी काय तुझा बाप देणार? मग म्हणाला वाळू भरा.

२१ जानेवारी
वाळू भरली. घागर आतून घासते. मालकांनी हौसेनं घेतलेल्या तांब्याच्या घागरी. ओतून टाकली. रिकाम्याच बऱ्या. एकदा पाय सुटले की वजन कळतसुद्धा नाही.

३ फेब्रुवारी
दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, मग प्रॅक्टिस. पाणी कधी आणू? टँकर फिरकत नाही. टेकडीपलीकडच्या विहिरीला साळू जाते. साळू म्हणजे धाकटी जाऊ, सहादेवाची बायको. तिला म्हटलं, माझाही हंडा आणत जा. व्हय म्हणाली. डोक्यावर तिचे दोन, कमरेवर माझा. म्हशीसारखी चालते. तिला पळणं काय ठाऊक.

१७ फेब्रुवारी
आज लांबची प्रॅक्टिस. मागून खडीचा ट्रक आला, ड्रायव्हर बस म्हणाला. देवाच्या कामाला निघाल्यावर कोणाला नाही म्हणू नये. उतरून उरलेलं पळाले. ट्रकचं धरून फार मोठा पल्ला झाला.

२ मार्च
गुडघा सुजला. खडीनं. पळण्यानं गुडघा सुजत नाही, मोकळा होतो. रुईचा पाला गरम करून बांधला. अंगात जोर नाही तो लाल मिलोच्या भाकरीमुळं. ही ज्वारी म्हणे परमुलखात डुकरं खातात. कामावर सुकडी देतात ती खाते. स्टॅमिना येतो.

१५ मार्च
पंच म्हणाले, खांदा बदलायला सगळेच जोडीदार घेतात, साळूला घ्या. मी चावडीपुढं सगळ्यांना सांगितलं, माझ्या कावडीला कोणी हात लावला तर हात मोडीन. विसावा लागलाच तर कावड झाडाच्या फांदीला अडकवीन. मालक तसंच करायचे.

३ एप्रिल
कोल्हारात मुक्काम. आठ दिवस पळाले नाही, ताकद राखून ठेवली. साळूही आली आहे, बायकांबरोबर मागून चालायला. येऊ दे. उद्या दुपारी मी वर असेन. ती परवा पोचेल.

६ एप्रिल
पाडवा परवा झाला. मांडायचं मन नव्हतं.

नदीच्या वाळूत झिरा उकरून घागरी भरल्या. कावड उचलली तेव्हा कळलं, पाणी हलतं. रिकामी घागर आपल्यामागं येते, भरलेली आपल्याला ओढते. पळायला लागले की एक पुढं जायची, एक मागं. लुगडं भिजून पायांत यायला लागलं. रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. मला नाही, सांडणाऱ्या पाण्याला. एक म्हातारी ओल्या मातीवर तळहात ठेवून बसली. मी थांबले नाही.

डोंगराच्या पायथ्याला गुडघा गेला. म्हटलं, फांदीला अडकवू. फांदी कुठली? झाडं तोडून गुरांना घातलेली, बुंधे तेवढे उभे. खाली टेकवता येईना. उन्हात तशीच उभी राहिले. एकेक कावड बाजूनं गेली. कोणी हात लावला नाही. मीच सांगितलं होतं. पाय लटलट कापत होते आणि राहिलेलं पाणी टपटप गळत होतं.

मग साळू आली. म्हशीसारखीच.

म्हणाली, "आक्का, खांदा बदला."

म्हटलं, "तुझ्या घरात जाईल ती."

"जाऊ द्या. खाली तर न्हाई पडनार."

मालक गेले तेव्हा पहिला खांदा सहादेवानं दिला होता. तेव्हा मी नको म्हणाले नव्हते. दिली.

थेंब न सांडता वर गेली. अर्धं पाणी मीच आधी कमी करून ठेवलं होतं, म्हणून.

९ एप्रिल
सहादेव कावड न्यायला आला. काही बोलला नाही. बोलला असता तर भांडता आलं असतं. मागं खुंटी राहिली. तिच्यावर लुगडं टाकलं.

साळूचे तळवे फुटलेत, पाऊल टाकवत नाही. म्हटलं, पाणी मी आणते. दोन्ही घरांचं.

विहिरीकडं जाताना हंडे रिकामे होते. चार पावलं पळून बघितलं. अजून पळता येतं.

येताना पावलापावलाला टेकवले. हे टेकवता येतात.