जमिनीवर अंथरलेली चटई

बंडबर्ग, रविवार

माझ्या आईस,

तुझ्या पेनीकडून पुष्कळ प्रेम. शिडीवरून पडून दुखावलेला हात आता बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मी पडून होतो तेव्हा ज्या मदत केंद्रातून मला रोज जेवण यायचं, त्यांना तू पाठवलेली चटई दिली. केंद्र चालवणाऱ्या डोरीनबाईंनी ती गालाला लावली. म्हणाल्या, "किती मऊ रे! आईला कळव, आम्ही रोज वापरू."

त्या खरंच रोज वापरतात. मुलांच्या खेळण्याच्या कोपऱ्यात ती जमिनीवर अंथरली आहे. तू चार वर्षं विणलीस, आजोबांना शेवटचा निरोप देताना ती सगळ्यांनी हातांवर धरली होती, हे मी त्यांना सांगितलंच नाही. अशी चटई मानाने द्यायची असते, पायाखाली अंथरायची नसते, हे आपल्या सामोआत कुणाला सांगावं लागत नाही.

काल एक मुलगी बूट घालून तिच्यावर नाचली. मी ओरडलो. बाई हसल्या, "अरे, चटईच ना ती? धुऊन टाकू!"

चटईच्या काठाला तू लावलेल्या पिसांपैकी चार लाल पिसं गळली. ती मी बायबलात ठेवली आहेत.

सांगितलं तर बाईंना फार लाज वाटेल. काय करू, तू कळव. मामांना मात्र सांगू नकोस. तोवर मी दर शनिवारी, सुट्टी असते तेव्हा, केंद्राच्या दाराशी बसेन आणि सगळ्यांना बूट काढायला लावेन.

तुझाच,
पेनिआमिना