न उडालेल्या रॉकेटची उत्तम आकडेवारी

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, म्हणून अर्ध्यातच थांबले, उरलेला भेटीत करीन.) तुझा गुडघा कसा आहे? शिवणयंत्राला मोटर बसवून घेतलीस की अजून पायानंच चालवतेस? आतोबांचा खोकला? इकडे आम्ही सगळे सुखरूप. रॉकेटही सुखरूप आहे. पत्राला कारण तेच.

परवा फोनवर मी तुला म्हटलं की तू शिवलेलं पॅराशूट फुलासारखं उघडलं. आत्या, त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. रॉकेट उडालंच नाही गं. ही गोष्ट मला, इंजिन सांभाळणाऱ्या माझ्या मैत्रिणीला (तिला सगळे लंबू म्हणतात) आणि आता तुला, एवढ्यांनाच माहीत आहे. शुक्रवारी कॉलेजात आमच्या चमूचा सत्कार आहे, पॅराशूटबद्दल तुझाही. त्याच्या आत खरं सांगून टाकायचं की गिळायचं, ह्या विचारानं मला घास उतरत नाही.

झालं असं. आमच्या चमूत अठरा जण. त्यातले अकरा कसले ना कसले प्रमुख, बाकीचे उपप्रमुख. रॉकेटला हुकूम सोडणारं आणि त्याच्याकडून येणारे आकडे पडद्यावर मांडणारं सॉफ्टवेअर मी लिहिते, म्हणून मी 'नियंत्रण व माहिती प्रमुख'. (माझ्या हाताखाली कोणी नाही.) ह्या सॉफ्टवेअरमध्ये सरावाची सोय आहे. ती चालू असली की बटण दाबलं तरी खऱ्या रॉकेटला पत्ता लागत नाही. संगणक आपल्या मनानं एक उड्डाण रचतो आणि त्याचे आलेख काढतो. वर्षभर जो कोणी पाहुणा आला त्याला आम्ही हेच दाखवलं. पडद्यावर लाल अक्षरांत 'सराव' असं लिहिलेलं असायचं. मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं, ते लाल काय आहे? पाहुण्यांचा विरस होतो." काढलं. मग म्हणाले, "आणि आवाज नाही का गं?" घातला. (आमच्या मिक्सरचा आहे, संथ केलेला. ऐकलास तर छाती दडपेल.)

उड्डाणाच्या दिवशी मैदानापासून अर्ध्या किलोमीटरवर पत्र्याच्या शेडमध्ये सगळे बसलो. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं. मिक्सर गरजला. पडद्यावर रॉकेट नऊशे मीटर वर गेलं, तुझं पॅराशूट उघडलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे म्हणाले, "आकडे पाहा, एकही इकडचा तिकडे नाही!" कसा असेल? दर मंगळवारच्या सरावात तेच असतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सराव बंद करायचा राहून गेला होता.

लगोलग शोध-समिती नेमली गेली आणि रॉकेट जिथे उतरल्याचं आलेख म्हणत होता तिकडे, पूर्वेच्या माळावर, रवाना झाली. मी आणि लंबू उलट्या दिशेला गेलो. ते होतं तिथंच उभं होतं, बोलावून मग विसरलेल्या पाहुण्यासारखं. लंबूनं आधी इंजिनाच्या तारा सोडवल्या, मग मी हात लावला. उन्हानं तापलं होतं, आणि आतला छोटा संगणक जागा राहून हुकमाची वाट बघत दिवा मिचकावत होता. आत्या, मला रडूच आलं. त्याचं बिचाऱ्याचं काहीसुद्धा चुकलं नव्हतं.

शोध-समितीला ते अजून सापडलेलं नाही. अहवालात त्यांनी 'वाऱ्याची दिशा' असं कारण दिलंय. लंबू म्हणते, "गप्प बस. आकडे इतके छान आहेत, उडवून वेगळं काय मिळणार होतं?"

आतोबांना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी (अजून तरी लाडकी)
भाची

ता. क. : तुझ्या दुकानात, कापडाच्या ठाणांमध्ये एक जागा होईल का? अडीच मीटर उंच, वीतभर जाड. वरून अस्तराचं कापड गुंडाळलं की ठाणच वाटेल. इंजिन लंबूनं काढून कोठारात जमा केलंय, त्यामुळे भीती नाही. सध्या रॉकेट माझ्या खाटेखाली आहे आणि दोन्हीकडून बाहेर येतं. उसण त्याला आत सरकवतानाच भरली.

दुसरा ता. क. : पाकीट बंद करण्याआधी धीर करून प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. फाइलीतून मान वर न करता ते म्हणाले, "माहीत आहे. मी तेव्हा बाहेर फोनवर होतो. समोरच तर उभं होतं." मी म्हटलं, "मग सर, टाळ्या?" "आत आलो तर सगळे वाजवत होते." मग मान वर केली आणि हळूच विचारलं, "ठेवलंय कुठे? तिथेच असू दे."

तिसरा ता. क. : ठाणांमधली जागा राहू दे. पण शुक्रवारी गुडघा कितीही दुखला तरी ये, आणि पहिल्या रांगेत बस. आभाराचं भाषण माझ्याकडे आहे. फोनवर जमलं ते तू दिसत नव्हतीस म्हणून. तू समोर असलीस की मला खोटं बोलता येत नाही.