अडलं तर फोन कोणाला?

४ मार्च, मंगळवार

झालं! आमच्या चष्म्याच्या कारखान्यात येऊन आठ दिवस नाही झाले, आणि धाकट्या जावेने सासऱ्यांना घोळात घेतलंसुद्धा. म्हणे ऑर्डरींचा आपला कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम जुनाट, त्याऐवजी फुकटचा घ्या. ओपन सोर्स म्हणतात त्याला — आतलं सगळं उघडं, कोणीही बघा, कोणीही बदला. सासरे म्हणाले, "फुकट देणारा हा खुळा कोण?" मी मनात म्हटलं, शाब्बास! पण दोन मिनिटांत खुर्ची ओढून तिच्याच शेजारी बसले. माझ्या शेजारी बसलेत कधी?

अकरा वर्षं झाली. कोणाच्या चष्म्याचा नंबर काय, कोणती काच कोणत्या ट्रेमध्ये, सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्या जुनाट प्रोग्रॅमच्या खोड्या मला एकटीला ठाऊक. कुठे दोनदा दाबायचं, कुठे हातच लावायचा नाही.

६ मार्च

पोटात दुखतंय माझ्या. लिहून टाकते, इथे कोण बघतंय!

१० मार्च

प्रोग्रॅम अडकला. तो विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं आणि फोन कट! धाकटी म्हणते, "वहिनी, हा आतून उघडता आला असता ना, तर तुम्हीच दुरुस्त केला असतात." याला म्हणतात केसाने गळा कापणं. कारण दुपारी चहा आणायला गेले तर दिराला सांगत होती — "वहिनींना त्या टेबलावरून उठवायलाच हवं." हां! आता कळलं पाणी कुठे मुरतंय ते.

१३ मार्च

धाकटीने फाईल आणून दिली. "आधी तुम्ही वाचा वहिनी, मग बाबांना दाखवू." पहिलं पान वाचलं. जुन्या ऑर्डरी नव्या प्रोग्रॅममध्ये कशा आणायच्या, ते टप्प्याटप्प्याने. इतकं सुबक की पुढे वाचवेना. ड्रॉवरमध्ये कोंबली.

१७ मार्च

बैठक. सासरे, हे, दीर, आम्ही दोघी. जुन्याच प्रोग्रॅमचा कंपनीशी नवा करार सहीसाठी समोर. मी एकच प्रश्न टाकला — "उद्या हे फुकटचं अडलं तर फोन कोणाला करायचा? याला धनी कोण?"

धाकटी म्हणाली, "वहिनी, शेवटच्या पानावर—"

"पान राहू दे गं. माणूस सांग, माणूस!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. सासरे म्हणाले, "थोरली म्हणते ते खरं." तीन वर्षांच्या करारावर सही झाली.

थोरली म्हणते ते खरं! घरी येईपर्यंत ह्यांना दोनदा ऐकवलं.

२४ मार्च

धाकटीने बाहेर नोकरी धरली. बरं झालं.

बरंच झालं ना?

२ एप्रिल

प्रोग्रॅम पुन्हा अडकला. साठ ट्रे खोळंबले. कानात कंपनीचं संगीत. तक्रारीचा नंबर लिहून घ्यायला कागद हवा म्हणून ड्रॉवर उघडला, तर तिची फाईल हाताला लागली. मागची बाजू कोरी असेल म्हणून शेवटचं पान उलटायला गेले.

'अडलं तर फोन कोणाला?' — तिचंच अक्षर. खाली, 'वहिनींना. प्रोग्रॅम आतून शिकायला त्यांना तीन महिने टेबलावरून मोकळं करावं. मग त्याच मुख्य. त्या नको म्हणाल्या तर हे करूच नये.'

आणि पुढे माझा नंबर.