माझं तांबडं

९ ऑक्टो., गुरु.
डोळे चुरचुरतात. दिवसभर तेजाबाचा धूर, त्याचंच असणार. मामा म्हणला, "पाडव्याला तुला कसोटीवर बसवायचंय. डोळं दाखवून ये आधी." सहा वर्षं इथं तमिळ मुलखात त्याच्या दुकानात सोनं गाळलं, मूस धरली. आता गिऱ्हाईकाचं सोनं दगडावर घासून कस सांगायचा. गादीवर बसून. आईला फोन केला, तिनं गावभर सांगितलं असेल.

१० ऑक्टो.
अण्णा नगरात फुकट तपासणी होती. चष्मा नको म्हणाले. मग तिथल्या बाईनं एक पुस्तक धरलं. पानभर ठिपके. तमिळमधे म्हणाली, आकडा सांग. आकडा नाहीच. दुसरं पान, तेच. ती हळू आवाजात, "पडिक्कलैया, तम्बी?" शिकला नाहीस का म्हणे. डोकं तापलं. मराठीतच ओरडलो, सातवीपर्यंत गेलोय, आकडे येतात मला. मागं एक म्हातारे बसलेले. वाकून बघून मराठीत म्हणाले, "चौऱ्याहत्तर आहे की रे." बाईनं वॉचमनला बोलावलं. त्याला पण चौऱ्याहत्तर.
बाई म्हणाली, तांबडं नि हिरवं तुला वेगळं दिसत नाही. जन्मापासून. एकवीस वर्षांत कुणालाच, मला पण

११ ऑक्टो.
झोप नाही. चौथीत झाडाला तांबडी पानं काढली म्हणून गुरुजींनी हातावर छडी दिलेली. तेव्हापासून खडूवरचं रंगाचं नाव वाचून खडू उचलायचो. वाचायला लागलो ते मारामुळं. सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं. वाटायचं सगळे असंच करतात.
पण सोनं? रेघ तांबूस आली, तांबं जास्त, हे मी मामाला रोज सांगतो. खरं निघतं. मग मी बघतो काय?

१२ ऑक्टो., रवि.
त्या म्हाताऱ्यांकडं गेलो, तपासणीत पत्ता दिलेला. राव सर. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे, मराठी जुनी नि तमिळ हेलाची. कॉलेजात माणसाचं मन कसं चालतं ते शिकवायचे. कॉफी दिली.
"लाल शब्द तुला कोणी शिकवला?"
"आईनं. मिरची दाखवून."
"तिनं तुझ्या डोळ्यांच्या आत जाऊन पाहिलं होतं काय?"
"नाही."
"माझ्याही आत कोणी आलं नाही रे. माझं लाल वॉचमनच्या लालासारखंच, हे मला कोण सांगणार? तीस वर्षं मुलांना हे शिकवलं, मुलं जांभया देत. तूं पहिला घाबरलास."
हसले. मला हसू आलं नाही. येताना मेट्रोत सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होतो. एकाच्या पण आत जाता येत नाही.

१५ ऑक्टो.
मामा जेवायला गेल्यावर डोळे मिटून घासलं. कळलं. बोटाला कळलं. चांगलं सोनं दगडावर लोण्यासारखं सरकतं, भेसळीचं जरा अडतं. सहा वर्षं बोट सांगत होतं नि मी डोळ्याचं नाव घेत होतो.

१९ ऑक्टो.
पाडव्याला मामाची पद्धत अशी: तीन रेघा तो स्वतः ओढतो. नव्या माणसानं हात न लावता, नुसतं बघून सांगायचं. हे मला माहीत होतं. म्हणजे तिथं बोट उपयोगाचं नाही.

२२ ऑक्टो., पाडवा
दगडाची पूजा झाली. मामानं तीन रेघा ओढल्या. मला तिन्ही सारख्या.
"सांग."
"मला दिसत नाही, मामा." सगळं सांगितलं.
"म्हणजे सहा वर्षं फेकत होतास?"
"एकदा तरी चुकलो का?"
त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या डोळ्यांवर बांधला, कडक. तीन तुकडे एकेक हातात दिले. घासले, सांगितले. बरोबर का चूक, बोलला नाही. टॉवेल सोडून बघतो तर मामानं स्वतः डोळे मिटलेले नि मधला तुकडा घासत होता. परत घासला. मग परत.
"च्यायला, अडतंय," एवढंच म्हणला.
गिऱ्हाईक आलं. गादी मोकळीच. मामा माझ्याकडं न बघता, "तू जेवून ये. मग बघू."
जेवण झालंय. खोलीवर बसून लिहितोय. निघायला पाहिजे. गादी अजून मोकळीच असेल.