प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

३ मार्च

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणजे बाइंडिंगची कामं अंगावर आली असणार, असं मी धरून चालले आहे.

माझं नवं काम तुला ठाऊक आहेच. डॉक्टरांच्या एका अभ्यासासाठी मनोरुग्णालयातल्या पेशंटना चोवीस वाक्यं वाचून दाखवायची: ‘घरच्यांवर माझा जीव आहे’, ‘पुढे बरं होईल असं वाटतं’. त्यांनी शून्य ते पाच आकडा सांगायचा. बेरीज जास्त, म्हणजे जगण्याला धरून ठेवणारा आधार भक्कम.

एक शिक्षिका होत्या. बेरीज वॉर्डात सगळ्यांत जास्त. मी हरखून डॉक्टरांना सांगितलं. सोमवारी त्या घरी गेल्या आणि गुरुवारी त्यांनी आयुष्य संपवलं. डॉक्टर म्हणाले, आकडे शेकडो माणसांबद्दल बोलतात, एकाची हमी देत नाहीत. खरं असेल. पण तो कागद माझ्या अक्षरात आहे रे.

तू आजारी होतास तेव्हा जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढंच मी विचारत राहिले. पुढचं विचारायला जीभ रेटली नाही. त्याच चोवीस वाक्यांचा कोरा कागद सोबत जोडलाय. नाही भरलास तरी चार ओळी लिही.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कागद भरला. पिन इतकी वाकडी मारतेस, बाइंडरची बहीण शोभत नाहीस.

घरच्यांच्या वाक्याला मीही पाचच दिले. पण त्या दिवसांत वाटायचं, जीव आहे म्हणूनच आपण जावं, ताई तरी सुटेल. तो पाच मला धरत नव्हता, ढकलत होता. हे तुमच्या चोवीस वाक्यांत कुठेच नाही.

मला धरलं ते बाइंडिंगच्या दुकानाच्या मालकांनी. रोज सकाळी दार वाजवून म्हणायचे, खळ घट्ट झालीय, येऊन बघ. मी गेलो नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता लपवत नाही. दहा दिवस झाले, ते विचार परत आलेत. मालकांना सांगितलंय, आजपासून त्यांच्याकडेच राहतोय. तू येशील का?

तुझा ठोंब्या

७ एप्रिल

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तीन आठवड्यांत तू एकदाच हसलास, तेही मालकांच्या घोरण्याला. नव्या गोळीने झोप लागतेय, एवढंही सध्या पुष्कळ आहे.

तुझं म्हणणं डॉक्टरांनी टिपून घेतलं, पण अभ्यास अर्ध्यावर असताना वाक्यं बदलता येत नाहीत म्हणाले. त्यांना विचारूनच मी शेवटी एक प्रश्न माझा विचारते: आपलं घरच्यांना ओझं होतंय, असं वाटतं का? काल एक चावीवाले आजोबा तोवर पाच, पाच म्हणत होते. या प्रश्नाला त्यांनी टोपी तोंडावर धरली. उत्तर लिहायला रकाना नव्हता. मी पेन ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि मग स्वतः जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं.

शिक्षिकाबाईंना हे विचारलं नाही, ते माझ्या मनातून जाणार नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी दमले होते, फार दमले होते. पण तू गेलास की मी सुटेन, असं एक दिवसही वाटलं नाही. लोभ कमीजास्त झाला तर चालेल, तू राहा.

तुझी ताई