वेदाबेननी एकदाच विचारलं

राजकोट, कार्तिक वद पाचम

पूज्य प्रभुदासभाईंच्या सेवेशी जयसुखलालचे जय श्रीकृष्ण.

मोटाभाई, थंडीत तुमचे गुडघे कुरकुरत नसतील, भाभींचं ब्लडप्रेशर गोळीच्या धाकात असेल आणि जामनगरात सगळं क्षेम असेल अशी आशा करतो. इकडेही क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची बहीण मंजुला परत आल्यापासून माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलते आहे आणि पार्थिव तेवढाही आवाज करत नाही. असं का, ते ओघात येईलच.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघं दक्षिणेला गेलो. विमानानं मुंबई, दुसऱ्या विमानानं कोइमतूर, तिथून मोटारीनं उटी आणि परतताना कोइमतूरलाच अनोपचंदकडे एक मुक्काम. (अनोप म्हणजे माझा गोंडलचा शाळासोबती. तीस वर्षं तिकडे सुताच्या धंद्यात आहे. बायको वेदवल्ली तिकडचीच. आम्ही तिला वेदाबेन म्हणतो, ती आम्हाला काय म्हणते ते विचारायची आता सोय राहिली नाही.) तुम्ही घरचे, म्हणून सांगतो, उटी हे निमित्त होतं. अनोपची मीनल आणि आपला पार्थिव बंगळूरच्या एकाच कंपनीत आहेत (सध्या दोघंही घरूनच काम करतात), दोघांचं जमलंय हे दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तोंडानं कुणी काढत नव्हतं. यावेळी ठरवूनच परतायचं असं पार्थिवनं आईला बजावलं होतं. मंजुलानं भाभींनी पाठवलेली बांधणी साडी मीनलसाठी थेपल्यांच्या डब्याखाली घडी मोडणार नाही अशी ठेवली होती.

आता आपल्याकडे पहिली ना ही ना नसते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. समोरच्यानं ताण करावी, म्हणजे आग्रह करावा, आपण मान हलवावी, त्यानं शपथ घालावी, मग आपण अर्धा कप घ्यावा. विमानात मात्र ही रीत चालत नाही. हवाईसुंदरीनं पाणी विचारलं, मी म्हटलं, राहू द्या बेन, कशाला त्रास. ती गोड हसली आणि पुढच्या रांगेत गेली. मी बराच वेळ मान वळवून तिच्याकडे पाहत होतो. (मंजुलाला त्यात वेगळंच काही दिसलं. तो विषय मिटलाय.)

उटीच्या घाटात तेच. मुरुगेशन नावाचा ड्रायव्हर होता, देवमाणूस. पायथ्याशी त्यानं विचारलं, चहाला थांबू का. मी म्हटलं, आमच्यासाठी नको, तुम्हाला हवा असेल तर बघा. त्याला नको होता. मग त्यानं गाडी जी हाणली ती वरपर्यंत. चहाचं सोडा, मोटाभाई, पण या वयात माणसाला थांबायला इतरही कारणं असतात. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता हा पुन्हा विचारील. धुकं फार सुंदर होतं असं मंजुला म्हणते. मी डोळे मिटून बसलो होतो.

एवढ्यावरून शहाणपण यायला हवं होतं. उटीहून फोन केला तेव्हा वेदाबेन म्हणाल्या, आमच्याकडेच उतरा. मी सवयीनं म्हटलं, छे छे, हॉटेल ठरवलंय. (ठरवलं नव्हतं.) त्या म्हणाल्या, बरं, मग सकाळी नाश्त्याला या. झालं. मित्राच्या घरासमोरच्या लॉजमध्ये, त्याच्या खिडकीतला दिवा बघत आम्ही तिघं एका खोलीत.

सकाळी गेलो तर अनोप पेढीवर गेला होता. तो असता तर हा प्रसंग आलाच नसता. इडल्या अशा हलक्या होत्या की दोन खाल्ल्या तरी पोटाला पत्ता लागेना. तिसरी वाढायला वेदाबेन आल्या, मी ताटावर हात आडवा धरला, त्यांनी भांडं उचलून आत नेलं. माझा हात तसाच. बाहेर येऊन त्या समोर बसल्या. मीनल दारात उभी होती, पार्थिव नुसता चटणीकडे बघत होता. वेदाबेन हिंदीत म्हणाल्या, "मुलांचं एकमेकांवर मन आहे. आम्हाला पसंत आहे. तुम्हाला आहे का?"

मोटाभाई, माझ्या मनात आनंद मावत नव्हता. अगदी उठून नाचावं असं वाटलं. आणि तोंडातून काय निघालं? "छे छे बेन, आमची कुठे एवढी लायकी. राहू द्या."

वेदाबेन "बरं" म्हणाल्या आणि कॉफी आणायला उठल्या. मीनल दारातून नाहीशी झाली. मंजुलानं टेबलाखालून माझ्या पायावर जो पाय दिला त्याची खूण अजून आहे. मी वाट बघत होतो, कॉफीबरोबर पुन्हा विचारतील. कॉफी आली, फार उत्तम होती, पण नुसतीच आली. बांधणी घडी न मोडता परत आली.

विमानात पार्थिव दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. उतरताना एवढंच म्हणाला, "पप्पा, तुमची ना खोटी असते हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिला कुणी सांगायचं?" मोटाभाई, मला रडू आलं. मी कानात दडे बसल्याचं निमित्त केलं.

असो. प्रवास एकूण चांगला झाला. तिकडचे लोक फार सज्जन आहेत, हाच काय तो त्रास. भाभींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
जयसुखलाल

ता. क. – उटीचं वर्णन वाचून तुम्हाला पत्राचा हेतू कळला असेलच. मी स्वतः फोन केला तर मुलाकडचे लाळ घोटतात असं दिसेल. आपल्यात हे काम मामाचं. अनोपला फोन करून तुम्हीच सांगा की जयसुखची ना काठियावाडी होती. त्यांनी पुन्हा विचारावं. मी एकदाच आढेवेढे घेईन, जास्त ताणणार नाही.

दुसरा ता. क. – फोन करू नका. आत्ताच वेदाबेनचा आला. त्यांनी अनोपला त्याच संध्याकाळी, आम्ही निघाल्यावर, सांगितलं होतं म्हणे, की तुझ्या मित्रानं नकार दिला. अनोपनं विचारलं, किती वेळा? एकदा, म्हटल्यावर तो हसत सुटला आणि म्हणाला, मग होकार आहे. त्यांना पटायला इतके दिवस लागले. म्हणाल्या, "दुसऱ्यांदा विचारते आहे, जयसुखभाई." मी "अहो पण बेन" एवढंच म्हटलं, तोवर मंजुलानं फोन ओढून घेतला आणि "हो" म्हणाली. पुढे ना मागे, नुसतं हो. पार्थिव आतून धावत आला.

मग तुमची बहीण माझ्याशी बोलली. म्हणाली, तिला मागणी घालायला आम्ही जामनगरला आलो होतो, तेव्हा तुम्ही "अजून लहान आहे" म्हणून दोनदा ना म्हणालात, आणि ती दाराआड बसून रडत होती, कारण तिसऱ्यांदा कुणी विचारीना. शेवटी तिसऱ्यांदा माझ्या मामांनी विचारलं, मोटाभाई. मी तर निघायला म्हणून ओटीवर चपला घालून उभा होतो.