मांडवाच्या जागेवरचं मोहोळ

८ खुरदाद १३३४ फसली, सकाळ

आजपासून रोजनिशी, तारखा निजामसरकारी. राग कागदावर उतरवला की निम्मा होतो, असं काल तहसीलदारसाहेब म्हणाले. मला राग येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. सांगताना आवाज जरा चढला, एवढंच.

दारापुढच्या कडुलिंबाला आग्यामोहोळ बसलं आहे. गेवराईभोवती सगळं रान मोकळं पडलंय, झाडांना तोटा नाही, पण ह्या माशांना तहसील कचेरीच्या पेशकाराचंच, म्हणजे माझंच, दार पाहिजे. तेही बरोबर त्याच फांदीला, जिच्याखाली आमच्या विमलच्या लग्नाचा मांडव घालायचा आहे. परातीएवढं काळं लोंबतं आहे. लग्न सत्तावीसला. वऱ्हाड मोमिनाबादचं. माझी बायको केसरबाई त्या गावाला अजून अंबाजोगाईच म्हणते. सरकारी नाव तोंडात बसवून घेत नाही. त्याचाही राग आहेच.

संकल्प: मोहोळ मी स्वतः काढणार. परवापर्यंत विषय संपला पाहिजे.

त्याच दिवशी, दिवेलागण

अशा वेळी बायकोने आधार द्यायचा असतो. केसरबाई म्हणाली, मोहोळ काढणाऱ्या शहादेवला बोलवा, न्हाईतर मांडव शेजारी इसाकच्या वाडग्यात घाला, तिथं भिंतीपल्याड मोकळी जागा लई हाय.

इसाक म्हणजे फळवाला. ह्या माणसाने गेल्या साली गोड म्हणून दिलेले आंबे आंबट निघाले. तेव्हापासून बोलणं बंद, म्हणजे माझ्याकडून. तो रोज सलाम करतो. मुद्दाम करतो. त्याच्या वाडग्यात माझ्या मुलीचं लग्न? अर्ध्या ताटावरून उठलो. नंतर भूक लागली, पण मागितलं नाही.

११ खुरदाद

खिडकीतून दगड मारला. नेम उत्तम होता, फांदीच ऐन वेळी हलली. दगड इसाकच्या रांजणाला लागला. माशा बाहेर आल्या, म्हणजे घाबरल्या. गवळ्याला थोड्या चावल्या, म्हशीला जास्त. म्हैस अजून सापडलेली नाही.

गवळी आता आमचं दूध इसाकच्या ओसरीवर ठेवून जातो. मी आणायला जाणार नाही. दुधाशिवाय प्रकृती हलकी राहते. केसरबाई आणि विमल तिकडेच पिऊन येतात असा मला दाट संशय आहे.

१४ खुरदाद

धूर केला. सगळा गाव सांगत होता, दिवस मावळल्यावर करा. चोरासारखं अंधारात जाणं पेशकाराला शोभत नाही. भर दुपारी केला. साधा धूर तर कोणीही करतो, म्हणून शेगडीत लाल मिरच्या टाकल्या. आणि वारा फिरला. माशा जागच्या हलल्या नाहीत, गल्ली हलली. कचेरीत साहेबही खोकत होते. हा धूर कोणाचा, असं त्यांनी विचारलं. चौकशी करतो, असं मी सांगितलं.

इसाकच्या बायकोने, हजराबीने, सरबताचा तांब्या पाठवला. मी म्हटलं, परत पाठव. केसरबाईने पाठवला, रिकामा.

१७ खुरदाद

शहादेव आला. मी बोलावलं नव्हतं. आज संध्याकाळी चुली विझवून, दारं लावून गप घरात बसा, मी काढतो, म्हणाला. मजुरी नको, मध तेवढा त्याचा. तशी रीत आहे म्हणे. झाड माझं, फांदी माझी, मनस्ताप माझा आणि मध ह्याचा? हाकलून दिला. जाता जाता म्हणाला की लग्नघरात असा हट्ट बरा न्हाई. ह्याला कोणी विचारलं होतं?

आता माझ्यावाचून दुसरं कोणी हे काम करू शकत नाही, हे सिद्ध झालं.

१९ खुरदाद

देवापुढे पहिली अक्षत ठेवली आणि दुसरी केसरबाईने उचलून थेट झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. मोहोळाला लग्नाचं आमंत्रण! हात जोडून सांगत होती की समद्या या, पण कुणाला चावू नका. मी मोठ्याने बोललो. चार घरं ऐकू गेलं असेल. विमल पोट धरून हसायला लागली. मी म्हटलं, सासरी अशी हसलीस तर ते लोक काय म्हणतील? एकदम गप्प झाली.

ती दिवसभर गप्पच होती. तिला तसं पाहून जास्त राग आला. कोणाचा, ते कळेना. माशांचाच असणार.

२१ खुरदाद

आज अंगरक्षणाची तालीम. दोन गोधड्या, त्यावर घोंगडी, तोंडापुढे पिठाची चाळणी. वेळ दुपारची. ओसरीवरून उतरलो आणि अंगणात आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा विमल वारा घालत होती. माशांनी माझ्यावर हल्ला केला नाही, यावरून त्या वचकून आहेत हे उघड आहे. पण गोधडीत माणूस माणूस वाटत नाही. हा मार्ग बंद.

२३ खुरदाद

मेहुणा धर्मराज चकलांब्याहून लग्नासाठी आला. पाणी पिऊन झालं नाही तोच गायब. संध्याकाळी पाहतो तर इसाकच्या वाडग्यात मांडवाच्या मेढी रोवतोय, आणि दुसऱ्या टोकाला इसाक! माझ्या पाठीमागे! भिंतीवरून ठणकावलं की लग्न लागेल तर माझ्या दारात, माझ्या झाडाखाली.

धर्मराज जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, वऱ्हाडाला माशा लागल्या तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

मग मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय सांगतोय? पोरीला कोणी बोलू नये म्हणूनच तर मोहोळ काढायचं आहे. घरात कोणाला साधी गोष्ट कळत नाही. आता दात आवळून झोपतो. सकाळी दाढ दुखेल.

२५ खुरदाद, सकाळ

दाढ दुखते आहे. आज खलास करणार. प्लॅन पक्का आहे. हा शब्द सडकेच्या ओव्हरसियरकडून उचलला, तजवीजपेक्षा वजनदार वाटतो.

आजवर चुकलं ते एवढंच, की सगळं खाजगी पद्धतीने केलं. सरकारी रीत अशी की आधी इत्तिला, म्हणजे सूचना, मग कारवाई. म्हणून रामहरी दवंडीवाल्याला बोलावलंय. तो झाडाखाली उभा राहून हलगी वाजवून सगळ्यांना दारं लावून घ्यायला सांगेल. लोकांच्या सलामतीची काळजी मीच घ्यायची, दुसरं आहे कोण? त्यानंतर बांबूला बांधलेला टेंभा मी स्वतः लावणार. काळी शेरवानी घातली, रुमी टोपी चढवली, कानात खसाच्या अत्तराचा फाया. बाटली कलंडली, त्यामुळे शेरवानीवरही बरंच. हुकूम करणारा हुकूम करणाऱ्यासारखा दिसला पाहिजे.

विमलने शेरवानीची वरची गुंडी लावून दिली. आबा, जाऊ द्या ना, म्हणाली. मी म्हटलं, तुझं कन्यादान मी ह्याच झाडाखाली, ह्याच हातांनी करणार. लहानपणापासून तिचा झोका ह्याच फांदीला होता. हे तिला म्हणालो नाही, वेळ नव्हता.

२५ खुरदाद, संध्याकाळ

धर्मराजला सांगून लिहवून घेत आहे. डोळे उघडत नाहीत. ओठही नीट हलत नाहीत, तरी माझे शब्द स्पष्ट आहेत.

सगळा दोष रामहरीचा. हलगीवर थाप पडली न पडली तोच मोहोळ खाली आलं. इत्तिला पुरीसुद्धा झाली नव्हती. रामहरी हलगी टाकून पळाला. माशांनी त्याच्या मागे जायचं, तर त्या माझ्या शेरवानीवर. मी मात्र जागा सोडली नाही.

(दाजी लई पळाले. झाडाभवतीच पळत व्हते. आमी दारातून पाह्यलं. — धर्मराज)

मग कोणीतरी माझ्यावर ओलं पोतं टाकलं आणि मला फरपटत भिंतीपलीकडे नेलं. पोत्याला आंब्यांचा वास येत होता. एका पेशकाराला पोत्यात गुंडाळून नेण्यात आलं, याची नोंद व्हावी.

(पोतं इसाकनं टाकलं. त्याचं बी दोन्ही हात सुजल्यात. — धर्मराज)

हे मी सांगितलेलं नाही. खोडून टाक.

(खोडत न्हाई. — धर्मराज)

२७ खुरदाद

चाचपडत लिहितोय. ओळी कुठे जातात माहीत नाही. घरात कोणी नाही. सगळे भिंतीपलीकडे इसाकच्या वाडग्यात.

सकाळी धर्मराज मला हात धरून न्यायला आला होता. असलं तोंड घेऊन मी वऱ्हाडापुढे येणार नाही, असं ओरडलो. तो गेला. पुन्हा विचारायला आला नाही. पुन्हा एकदा विचारलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं?

सनई वाजतेय. भटजी मंगलाष्टकांची फार घाई करतोय, कोण मागे लागलंय त्याच्या? कन्यादानाला धर्मराज आणि त्याची बायको बसणार. केसरबाईने जाताना माझ्या मुठीत अक्षता ठेवल्या होत्या. 'सावधान' ऐकू आलं तशा भिंतीच्या दिशेने टाकल्या. कुठे पडल्या कळलं नाही.

संध्याकाळ. वऱ्हाडाने इसाकचे आंबे मागून मागून खाल्ले म्हणे. ह्या साली बरे निघाले गोड.

निघायच्या वेळी विमल आली. पाया पडली. माझ्या तोंडावरून हलकेच हात फिरवला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, रामहरीला कामावरून काढून टाकतो की नाही बघ.

"नका काढू, आबा. येते मी."

बस, एवढंच. मी रामहरीबद्दलच बोलत राहिलो. जोडव्यांचा आवाज दाराबाहेर गेला, बैलगाडी हलली, तरी बोलतच होतो.

३० खुरदाद

डाव्या डोळ्याने दिसू लागलं. मोहोळ जागेवर आहे, थोडं वाढलंच आहे. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग आला नाही. अशक्तपणा असेल.

इसाकने सलाम केला. हातांना फडकी बांधली होती, तरी केला. मी मान हलवली. बहुतेक त्याला दिसली असावी.

घर फार शांत आहे. कोणावर ओरडावं असं कोणी समोर नाही. दुपारी केसरबाई तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं, लग्नात पोरगी कशी दिसत होती? शालू कसा दिसला, मुंडावळ्या नीट बसल्या होत्या का, तोंडावर हळद खुलली होती का? ती तांदूळच निवडत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

मग वर न बघता म्हणाली, "तुमच्यावानीच दिसत व्हती. डोळं सुजल्यालं."